मित्रांच्या भागीदारीत पुण्यात नाइटक्लब: आधी करार, मग जागा, मग पैसा

पाच मित्र, प्रत्येकी पन्नास लाख, झाले अडीच कोटी. क्लबचा पहिला हिशेब बहुधा असाच होतो आणि तिथेच फसतो. चार हजार चौरस फुटांचा बरा क्लब पुण्यात उभा करायचा तर रक्कम याच्या दुपटीवर जाते. कशी, ते खाली आकड्यांत मांडलं आहे. पण पैसे कमी पडणं हा दुसरा प्रश्न. पहिला प्रश्न क्रमाचा. बहुतेक मंडळी आधी जागा बघतात, आवडली की टोकन देतात, मग पैसे गोळा करतात आणि भागीदारीचा कागद उद्घाटनानंतर सवडीनं करू म्हणतात. क्रम नेमका उलटा हवा: आधी करार, मग जागेची कागदपत्रं, मग पैशाची जुळणी आणि सगळ्यांत शेवटी भाडेकरारावर सही. सही झाली की भाडं सुरू होतं. परवाने मात्र त्यांच्याच चालीनं येतात.

कोण काय आणतंय

मित्रांच्या टोळीत साधारण तीन प्रकारचे लोक असतात: पैसे घालणारा, रोज रात्री दोनपर्यंत उभा राहणारा आणि ‘माझ्या ओळखी आहेत’ म्हणणारा. पहिल्या दोघांचा वाटा आकड्यात मांडता येतो. तिसऱ्याला हिस्सा देऊ नका. ओळखीतून खरंच काम झालं तर त्या कामाची फी द्या आणि विषय संपवा.

पैसे आणि श्रम एकाच टक्क्यात कोंबण्याची चूक फार होते. पाच जणांनी सारखे पैसे घातले आणि एकच जण चालवतोय, तरी सगळ्यांना वीस-वीस टक्के. सहा महिन्यांत चालवणाऱ्याच्या मनात खदखद सुरू. सोपी पद्धत अशी: भांडवलाच्या प्रमाणात हिस्सा आणि चालवणाऱ्याला दरमहा ठरलेला पगार, क्लब तोट्यात असला तरी. त्याला पुढे श्रमापोटी जास्तीचा हिस्सा द्यायचा असेल तर तो एकदम देऊ नका. तीन वर्षांत टप्प्याटप्प्यानं द्या, पहिलं वर्ष पूर्ण होईपर्यंत शून्य. चार महिन्यांत कंटाळून दुबईला नोकरीला गेला तर हिस्सा सोबत जायला नको.

संस्था म्हणून साधी भागीदारी नको. तिच्यात प्रत्येक भागीदाराची जबाबदारी अमर्याद असते. क्लबचं देणं थकलं तर एखाद्याच्या कोथरूडच्या फ्लॅटपर्यंत पोचू शकतं. चार-सहा मित्रांसाठी एलएलपी, म्हणजे मर्यादित जबाबदारीची भागीदारी, बरी. बाहेरचा गुंतवणूकदार पुढे येणार असेल तर प्रायव्हेट लिमिटेड. एलएलपीचा करार नोंदणीनंतर तीस दिवसांत दाखल करावा लागतो. आपला करार केला नाही तर कायद्याच्या पहिल्या परिशिष्टातले नियम लागू होतात: नफा सगळ्यांत समान, कारभारात सगळ्यांना हक्क, कामाबद्दल मोबदला कुणालाच नाही. म्हणजे कुणी ऐंशी लाख घातले, कुणी वीस, तरी कागदावर दोघे सारखे. इंटरनेटवरून उतरवलेला नमुना वापरण्याचा मोह इथेच महागात पडतो.

करारात ही कलमं शब्दशः हवीत. नेमकी हीच लिहायला मित्रांना संकोच वाटतो.

आणखी पैसे लागले तर काय? लागणारच आहेत. समजा साठ लाख कमी पडले, चौघांनी बारा-बारा घातले आणि पाचव्याकडे नाहीत. मग त्याचा हिस्सा किती कमी होणार, कोणत्या सूत्रानं? की इतरांनी त्याच्या वाटचे पैसे कर्ज म्हणून घालायचे, ठरलेल्या व्याजानं, आणि त्याच्या नफ्यातून आधी वळते करायचे? दोन्ही चालतं, पण एक निवडा आणि त्यावर मुदत घाला: मागणी आल्यापासून एकवीस दिवस.

बाहेर पडायचं तर कसं? सहा महिन्यांची सूचना, पहिला हक्क उरलेल्या भागीदारांचा, किंमत ठरवायची पद्धत आधीच लिहिलेली (उदाहरणार्थ, मागच्या बारा महिन्यांच्या व्याज, घसारा आणि करपूर्व नफ्याची अडीच पट, वजा कर्ज) आणि रक्कम अठरा ते चोवीस हप्त्यांत. एकरकमी परतफेडीचं कलम घातलंत तर एक जण निघाला की क्लबच बसतो. मृत्यूचं कलमही लिहा. मित्राच्या मागे त्याची आई किंवा बायको भागीदार होणार, की तिला पैसे मिळणार? परवान्यावरचं नाव बदलताना हा प्रश्न कसाही समोर येतोच.

बँकेत वैयक्तिक हमी कोण देतंय? दोघांनीच सही केली असेल तर उरलेल्या तिघांनी आपापल्या हिश्श्याइतकी भरपाई देण्याचं पत्र त्या दोघांना द्यायला हवं. हे बहुतेक ठिकाणी राहून जातं.

आणि पार्टनरचं टेबल. हसण्यावारी नेऊ नका. पाच भागीदार, प्रत्येक जण शनिवारी सहा पाहुणे घेऊन येतो, बिल ‘हाउस’वर. तीस जण झाले, तेही भरगच्च रात्री, पैसे देणाऱ्यांच्या जागेवर बसून. नियम असा ठेवा: प्रत्येकाला महिन्याला ठरावीक रक्कम, समजा वीस हजार, प्रत्येक टेबलाचं बिल निघणार, मर्यादेपुढचं त्याच्या चालू खात्यात नावे, आणि शुक्रवार-शनिवार दहानंतर आरक्षण नाही. वेटरला ‘मी पार्टनर आहे’ एवढं वाक्य पुरत असेल तर गल्ल्याला भोक पडलं म्हणून समजा.

पैशांबाबत दोन गोष्टी सीएला विचारण्याआधीच माहीत असू द्या. वीस हजार किंवा त्याहून जास्त उसनी रक्कम रोख घेता येत नाही, त्यामुळे ‘आत्ता कॅश ठेव, नंतर कागद करू’ हे करूच नका. पुढे तो मित्र आपलं भांडवल सिद्धच करू शकत नाही. आणि भागीदाराला दिलेला पगार, बोनस, व्याज वर्षाला वीस हजारांवर गेलं की १ एप्रिल २०२५ पासून दहा टक्के टीडीएस कापावा लागतो.

जागा: आधी कागद, मग सजावट

बाणेर, बालेवाडी हाय स्ट्रीट, कोरेगाव पार्क, कल्याणीनगर, मुंढवा, विमाननगर, खराडी: प्रत्येक भागाचं गिऱ्हाईक वेगळं, पण तपासणी एकच. हिंजवडी बघत असाल तर ती पुणे पोलिसांच्या नव्हे, पिंपरी-चिंचवड आयुक्तालयाच्या हद्दीत येते. तुमच्या सल्लागाराच्या पुण्यातल्या फाइलींचा तिथे फारसा उपयोग नाही.

मालकाकडून मंजूर नकाशा आणि भोगवटा पत्र (इमारत वापरायची महापालिकेची परवानगी) मागा आणि नकाशा हातात घेऊन जागेत फिरा. तुम्हाला दाखवलेल्या चार हजार फुटांपैकी बाराशे फूट साइड मार्जिनवर, म्हणजे इमारतीभोवती मोकळ्या सोडायच्या जागेवर, पत्रा टाकून केलेले निघाले, तर ते भाडं तुम्ही पाडकामाच्या नोटिशीसाठी भरताय. टेरेसचंही तसंच. गच्चीवर रेस्टॉरंटची मंजुरी नकाशात नसेल तर ‘सगळेच चालवतात’ हे कारण महापालिकेच्या जेसीबीपुढे चालत नाही. वापर निवासी आहे की व्यापारी, पार्किंग कुठे, वर कुणी राहतं का, शाळा, देवळं, दवाखाने किती अंतरावर आहेत, हे सगळं अर्ज करण्याआधी राज्य उत्पादन शुल्क विभागाच्या नियमांना लावून बघा. अंतर फितीनं मोजा, गूगलवरून नको.

भाडेकरार नोंदणीकृतच हवा. त्यात आग्रह धरायच्या गोष्टी: किमान तीन महिने भाडेमुक्त कामाचा काळ, लॉक-इन (करार मोडता न येण्याचा काळ) मालकावर जास्त, तुमच्यावर कमी, आणि हे एक कलम काही झालं तरी सोडू नका: जागेच्या दोषामुळे दारू परवाना किंवा अग्निशमनाचं ना-हरकत मिळालं नाही तर डिपॉझिट पूर्ण परत आणि लॉक-इन रद्द. मालक कुरकुर करतो. फार कुरकुर करत असेल तर त्याला कागदात काहीतरी माहीत आहे.

आवाज

क्लब बंद पडण्याचं सर्वांत स्वस्तात टाळता येणारं कारण हेच, आणि सर्वांत दुर्लक्षित. २००० च्या ध्वनिप्रदूषण नियमांप्रमाणे रात्री दहा ते सहा या वेळेत व्यापारी भागात मर्यादा ५५ डेसिबल, निवासी भागात ४५. खासगी जागेच्या हद्दीवर तुमचा आवाज त्याहून ५ डेसिबलपेक्षा जास्त वर जाता कामा नये. डान्स फ्लोअरवर १०० डेसिबल धरले तर भिंत, छप्पर आणि दार यांनी मिळून ४० ते ५० डेसिबल गिळायला हवेत. दोन्ही बाजूंनी गिलावा केलेली नऊ इंची विटांची भिंत हे काम करते. बारा मिलिमीटरची काच पस्तिसाच्या आसपास अडवते. पत्र्याचं छप्पर वीस-पंचवीस. म्हणजे काचेची देखणी दर्शनी बाजू आणि वर पत्रा असलेली जागा क्लबसाठी बादच समजा, भाडं कितीही कमी असो.

आणि हे आकडे एकूण आवाजाचे. खरा त्रास बासचा. ५० ते ८० हर्ट्‌झचा ठोका हवेतूनच नव्हे, स्लॅब आणि कॉलममधूनही जातो. मीटरवर आकडा ठीक दिसतो, कारण नेहमीचं मोजमाप खालच्या पट्टीला कमी वजन देतं, पण शेजारच्या इमारतीत तिसऱ्या मजल्यावर खिडकीचं तावदान थरथरतं आणि तिथूनच ११२ ला फोन जातो. सही करण्याआधी एक रात्र भाड्यानं दोन सबवूफर (बासचे मोठे स्पीकर) आणा, रिकाम्या जागेत रात्री अकराला लावा आणि एकाला शेजारच्या सोसायटीच्या जिन्यात उभं करा. पंधरा-वीस हजारांची ही चाचणी दीड कोटीचं इंटिरिअर वाचवते. परवानगी घेऊन दहा मिनिटंच करा, नाहीतर शेजाऱ्यांशी ओळख भांडणानं होईल.

उपाय ठरलेले आहेत: सबवूफर जमिनीवर थेट न ठेवता रबर किंवा स्प्रिंगच्या बैठकीवर, छताला लटकवलेलं जिप्समचं दुहेरी आवरण, मध्ये रॉकवूल, प्रवेशाला दोन दारं, त्यांत किमान दोन मीटरची मोकळी जागा, म्हणजे एक बंद झाल्याशिवाय दुसरं उघडत नाही, आणि अॅम्प्लिफायरच्या रॅकला कुलूपबंद लिमिटर, म्हणजे ठरलेल्या पातळीपुढे आवाज जाऊ न देणारं यंत्र. किल्ली मॅनेजरकडे, डीजेकडे नाही. ध्वनिशोषणाला साधा पीयू फोम चुकूनही वापरू नका. तो भराभर पेटतो आणि त्याचा धूर आगीआधी माणसं मारतो.

किती माणसं मावतात

चार हजार फुटांतून किचन, बारची मागची बाजू, स्टोअर, स्वच्छतागृहं, लॉबी असे चाळीस टक्के वजा करा. उरले २,४००. त्यातला ६०० फुटांचा डान्स फ्लोअर माणशी सात फुटांनी ८५ जण. उरलेल्या १,८०० फुटांत माणशी पंधरा फुटांनी १२०. एका वेळी साधारण २०५. ‘चारशे मावतील’ असं कुणी म्हणालं तर तो अग्निशमन दलाचा आकडा नाही. बाहेर पडायची दारं बाहेरच्या बाजूला उघडणारी, गर्दीच्या इमारतींसाठी दोन मीटर रुंद, आणि दुसरा मार्ग पहिल्यापासून लांब हवा. किचनमधून जाणारा मार्ग हा मार्ग नव्हे. २९ डिसेंबर २०१७ च्या मुंबईतल्या कमला मिलच्या आगीत १४ जण गेले. तेव्हापासून गच्चीवरचं ज्वलनशील आच्छादन आणि अडवलेले मार्ग यांकडे तपासणीत बारकाईनं पाहिलं जातं. अग्निसुरक्षा यंत्रणेचं नमुना ‘ब’ प्रमाणपत्र वर्षातून दोनदा, जानेवारीत आणि जुलैत, परवानाधारक एजन्सीकडून द्यावं लागतं. कॅलेंडरवर लिहून ठेवा.

एसीचं गणितही याच आकड्यावर. नाचणारा माणूस तासाला सुमारे ८५० बीटीयू उष्णता सोडतो, बसलेला ५५०. कर्मचारी धरून २४० माणसांचीच उष्णता तेरा टन भरते. बाहेरची ताजी हवा, दिवे, अॅम्प्लिफायर जोडले की तीसच्या आसपास. वीस टनांत भागवलेले क्लब एप्रिलमध्ये साडेअकराला रिकामे होतात. महावितरणकडून तेवढा वीजभार मिळतो का, हे जागा घेण्याआधीच विचारा.

परवाने, थोडक्यात

दारूसाठी एफएल-३, म्हणजे परमिट रूम. मद्यविक्रीच्या दुकानांचे नवे परवाने राज्यात बंद असल्यामुळे ते मोठ्या किमतीला हस्तांतरित होतात. एफएल-३ मात्र नवा मिळतो, त्यामुळे ‘माझा जुना परवाना पन्नास लाखांना घ्या’ म्हणणाऱ्याच्या नादी लागू नका. परवाना एलएलपीच्याच नावावर घ्या. एका मित्राच्या नावावर परवाना आणि पैसा पाच जणांचा, अशी रचना भांडण होईपर्यंतच टिकते. भागीदार आत-बाहेर करायचा तर विभागाची परवानगी आणि शुल्क लागतं. नूतनीकरण दरवर्षी ३१ मार्चआधी.

याशिवाय एफएसएसएआयचा अन्न परवाना, महापालिकेचा आरोग्य परवाना, अग्निशमनाचं ना-हरकत, पोलिसांकडचा सार्वजनिक मनोरंजनाचा परवाना, दुकाने व आस्थापना नोंदणी, आणि संगीताचे हक्क. संगीताचा एकच परवाना सगळं भागवत नाही: हक्कांचे परवाने देणाऱ्या संस्थांपैकी पीपीएल आणि नोव्हेक्सकडे ध्वनिमुद्रणांचे हक्क, आयपीआरएसकडे गीत-संगीताचे. कुठलं लेबल कुणाकडे, हे आपल्या गाण्यांच्या यादीशी ताडून घ्या, नाहीतर ३१ डिसेंबरच्या आठवड्यात वकिलाची नोटीस येते. बाउन्सर पुरवणारी एजन्सी २००५ च्या खासगी सुरक्षा संस्था कायद्याखाली परवानाधारक हवी. दहा किंवा जास्त कर्मचारी असले की लैंगिक छळ प्रतिबंधासाठी अंतर्गत समिती. महिला कर्मचाऱ्यांना रात्री साडेनऊनंतर कामाला ठेवायचं तर त्यांची संमती, सुरक्षितता आणि घरी सोडायची गाडी. हुक्का २०१८ पासून राज्यात बंद आहे, ते उत्पन्न कागदावरही धरू नका.

पुण्याचं गिऱ्हाईक आणि वयाचा नियम

‘पुण्यात विद्यार्थी लाखांनी आहेत’ या वाक्यावर उभा केलेला धंदा कागदावरच पडतो. महाराष्ट्रात सौम्य बिअर आणि वाईनसाठी वय २१, बाकी मद्यासाठी २५. म्हणजे कॉलेजची पहिली-दुसरी वर्षं पूर्ण बाद आणि बावीस-तेविशीतल्या मुलाला व्हिस्की देता येत नाही. मे २०२४ मधल्या कल्याणीनगरच्या, अल्पवयीन चालकाच्या पोर्शे अपघातानंतर पुण्यात ही तपासणी फार कडक झाली. तुमचं खरं गिऱ्हाईक सव्वीस ते अडतीस वयाचं, नोकरदार. खाद्यपदार्थ, बसायची जागा, पार्किंग आणि संगीत त्यांच्या हिशेबानं ठरवा. दारात ओळखपत्र तपासा, मूळ किंवा डिजिलॉकरमधलं, मोबाइलवरचा फोटो नको. आणि दोन रंगांचे मनगटी पट्टे द्या, २१ ते २४ ला एक आणि २५ च्या पुढे दुसरा. बारटेंडरला चेहरा बघून वय ठरवायला लावू नका.

बंद होण्याची वेळ रात्री दीड. एकला शेवटची ऑर्डर, सव्वाला दिवे. दीडला संगीत थांबवलं तर रस्त्यावर गर्दी दोनपर्यंत राहते आणि तक्रार रस्त्यावरच्या आवाजाची येते.

पैसा किती

खालचे आकडे हिशेब समजावा म्हणून धरलेले आहेत. तुमच्या भागाचा दर घालून पुन्हा मांडा. चार हजार फूट, भाडं फुटाला १५० म्हणजे महिना ६ लाख, त्यावर अठरा टक्के जीएसटी १.०८ लाख. रेस्टॉरंटला पाच टक्क्यांच्या दरात इनपुट क्रेडिट (खरेदीवर भरलेल्या जीएसटीची वजावट) मिळत नाही आणि दारू जीएसटीच्या बाहेरच आहे, त्यामुळे हा जीएसटी खर्चच. इंटिरिअरवर भरलेलाही.

डिपॉझिट सहा महिने: ३६ लाख
काम चालू असताना चार महिन्यांचं भाडं (भाडेमुक्त काळ मिळाला नाही असं धरून): २८.३ लाख
इंटिरिअर आणि ध्वनिरोधन, फुटाला ३,५०० रुपये: १४० लाख
एसी: ३० लाख
ध्वनी आणि प्रकाश: ४५ लाख
किचन आणि बार: ३० लाख
वीजभार, जनरेटर: १८ लाख
अग्निसुरक्षा: १० लाख
परवाने, आर्किटेक्ट, सल्लागार: २० लाख
बिलिंग, कॅमेरे: ६ लाख
सुरुवातीचा मद्यसाठा: १२ लाख
उद्घाटनाची जाहिरात: ८ लाख
तीन महिन्यांचा ठरलेला खर्च हाताशी: ८५.५ लाख

बेरीज ४६८.८ लाख. बांधकाम आणि यंत्रसामग्रीच्या २७३ लाखांवर दहा टक्के अडीअडचणीला धरा: एकूण ४ कोटी ९६ लाख. अडीच कोटीवाले कुठे कापतात? शेवटच्या ओळीत. खेळतं भांडवल शून्य ठेवून उघडतात आणि दुसऱ्या महिन्याचा पगार मित्रांच्या क्रेडिट कार्डांवर जातो.

बँक यांतल्या यंत्रसामग्रीला कर्ज देते, तेही तारण घेऊन. डिपॉझिट, इंटिरिअर, परवाने यांना सहसा हात लावत नाही. म्हणून एक कोटी कर्ज आणि चार कोटी आपले, याहून जास्त ताणू नका. एक कोटी, बारा टक्के, पाच वर्षं: हप्ता सुमारे २.२२ लाख. आपल्या चार कोटींपैकीही सगळं भांडवल म्हणून न दाखवता काही भाग भागीदारांचं कर्ज म्हणून ठेवता येतो. मग नफा वाटण्याआधी ते फेडायचं, असा क्रम लावता येतो आणि कमी-जास्त पैसे घातलेल्यांत वाद कमी होतो.

आता महिन्याचा ठरलेला खर्च. जीएसटीसह भाडं ७.०८ लाख, चाळीस माणसांचे पगार ८.८, वीज २.५, डीजे आणि कलाकार ३, सुरक्षा २.४, परवान्यांचा मासिक वाटा १.५, जाहिरात २, दुरुस्ती-किरकोळ १.२२. एकूण २८.५ लाख. कर वगळून झालेल्या विक्रीतले शंभरातले साठ रुपये माल, कार्डाचं कमिशन, तूटफूट जाऊन हातात राहतात असं धरा. ना नफा ना तोटा गाठायला ४७.५ लाखांची विक्री हवी. माणशी दीड हजार धरले तर महिन्याला ३,१६७ माणसं.

ही माणसं रात्रींवर पसरून बघा. शुक्रवार-शनिवारच्या आठ रात्री २२० जण: १,७६०. चार बुधवार, दीडशे: ६००. उरलेल्या अठरा रात्रींत ८०७ हवेत, म्हणजे रोज पंचेचाळीस. शनिवार सगळेच भरतात. मंगळवारी पंचेचाळीस माणसं कशासाठी येतील, याचं उत्तर तुमच्या योजनेत नसेल तर क्लबऐवजी चांगलं जेवण देणारा बार करा, ही आमची सरळ शिफारस. कर्ज घेतलं असेल तर हप्त्यासाठी आणखी अडीचशे माणसं.

विक्री ६० लाख गेली तर हप्ता जाऊन करपूर्व ५.३ लाख उरतात. आपले चार कोटी परत यायला सहा वर्षांहून जास्त, आणि इंटिरिअर तिसऱ्या वर्षीच जुनं दिसायला लागतं. ७५ लाख गेली तर १४.३ लाख, सव्वादोन ते अडीच वर्षं. मधला फरक महिन्याला हजार माणसांचा. खर्च ठरलेला असतो म्हणून हा धंदा असा एकदम वर किंवा एकदम खाली जातो.

बिलातला जीएसटी आणि परमिट रूममधल्या दारूवरचा व्हॅट (नोव्हेंबर २०२३ पासून दहा टक्के) आपला नाही. तो दर सोमवारी वेगळ्या खात्यात टाका. भरायच्या आधी तो भाड्याला वापरला की पुढच्या महिन्यात दोन्ही थकतात. आणि वर्षाचं कॅलेंडर मांडताना श्रावण, गणेशोत्सवातले बंदचे दिवस, निवडणुकीत मतदान संपण्याआधीचे ४८ तास कोरडे धरा. पावसाळ्यात उघडू नका. ऑक्टोबरच्या सुरुवातीला उघडा, म्हणजे ३१ डिसेंबरपर्यंत माणसं तयार होतात. ३१ डिसेंबरलाच उद्घाटन करणं म्हणजे नवशिक्यानं पहिल्याच दिवशी वारीचा स्वयंपाक घेणं.

गल्ला आणि बाटली

चोरी मोठी नसते, रोजची असते. ७५० मिलिलिटरच्या बाटलीत तीस मिलिलिटरचे पंचवीस पेग. एक सांडलवंडीला सोडा, चोवीस बिलात दिसलेच पाहिजेत. मोजायचं कसं? डोळ्यांनी नाही, वजनानं. एक ग्रॅम अचूकतेचा किचनचा काटा घ्या. भारतीय व्हिस्की ४२.८ टक्क्यांची असते, तिच्या ७५० मिलिलिटरचं वजन सुमारे ७१० ग्रॅम, एका पेगचं साडेअठ्ठावीस. प्रत्येक ब्रँडच्या रिकाम्या बाटलीचं बुचासह वजन एकदा नोंदवून ठेवा. रात्री बंद करताना उघडी बाटली काट्यावर ठेवा, रिकामं वजन वजा करा, साडेअठ्ठाविसानं भागा: उरलेले पेग. सकाळचे पेग वजा उरलेले, आणि बाजूला बिलिंगमधले. चाळीस उघड्या बाटल्यांना वीस मिनिटं लागतात. दोन टक्क्यांपर्यंत फरक चालतो. वजन नेहमी बरोबर येतंय पण विक्री घटतेय, तर बारटेंडर स्वतःची बाटली आणतोय. तेव्हा भरल्या बाटल्यांवरचे होलोग्राम आणि रिकाम्यांचा हिशेब जुळवा. उत्पादन शुल्काच्या साठा नोंदवहीलाही हेच आकडे लागतात, त्यामुळे काम दुहेरी होत नाही.

पन्नास हजारांवरच्या प्रत्येक देयकावर दोन भागीदारांच्या मंजुऱ्या, त्यातला एक रोज क्लबवर नसणारा. सात तारखेच्या आत सगळ्यांनी टेबलावर बसून पाच आकडे बघायचे: रात्रनिहाय माणसं, माणशी विक्री, दारूचा आणि खाण्याचा माल टक्क्यांत, भागीदारांच्या टेबलांची बेरीज आणि बँकेतली शिल्लक किती आठवडे पुरेल. शिल्लक सहा आठवड्यांच्या खाली आली की करारातलं जास्तीच्या पैशांचं कलम त्याच बैठकीत लागू करा. पुढच्या महिन्यापर्यंत थांबलात तर मागायची रक्कम वाढते आणि द्यायला तयार असणारे कमी होतात.